पोरांना बाजूच्या दाराने बाहेर काढू नका: आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरी काका, खजिनदार मावशी आणि कमिटीतले सगळेच,

ख्रिस्तप्रेमाचा सलाम.

पत्र खुलं लिहितेय कारण दुसरा रस्ताच ठेवला नाहीये तुम्ही. मंडळीच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकतात असं सेटिंग आहे, आणि सेक्रेटरी काकांना पर्सनल मेसेज केला तर त्यांनी हात जोडलेला इमोजी पाठवला, आता त्याचा अर्थ मी काय घ्यायचा.

तर तो मेसेज. जूनच्या पहिल्या रविवारपासून चौदा वर्षांखालची मुलं मुख्य उपासनेला बसणार नाहीत. साडेनऊला बाजूच्या दाराने सरळ मागच्या हॉलमध्ये जायचं, तिथे टीव्ही आहे, अ‍ॅक्शन साँग्ज आहेत, चित्रं रंगवायची, खाऊ मिळेल. कारणं दोन दिलीत, एक म्हणजे उपासना आता लाइव्ह जाते आणि त्यात मुलांचा आवाज येतो, आणि दुसरं म्हणजे मुलांना मोठ्यांची उपासना 'कळत नाही'. खाली चौदा थम्स अप. माझ्या आईचा पण एक आहे त्यात, तिला विचारलं तर म्हणाली अगं माझा हात लागला.

मला तुम्ही ओळखता. कंडक्टरची थोरली. नोकरीमुळे पिंपरीला असते, बँकेत आहे, पण वर्गणी अजून आपल्याच मंडळीत भरते आणि महिन्यातून एखादा रविवार आईकडे येते तेव्हा मुलीला घेऊन चर्चला येते. मधली अकरा वर्षं आले नव्हते हेही तुम्हाला माहीत आहे, कारण खजिनदार मावशी दर नाताळात सगळ्यांसमोर त्याची आठवण करून देतात. म्हणजे मी काही फार भक्तिमान बाई म्हणून लिहीत नाहीये. गेल्या वर्षी मामेभावाच्या लग्नात माझी आठ वर्षांची मुलगी शेजारी बसली होती, प्रार्थना संपली, सगळे आमेन म्हणाले, आणि तिने माझ्या कानात विचारलं की आई, आमेन कधी म्हणायचं हे सगळ्यांना एकदम कसं कळतं?

मला उत्तर देता येईना. म्हणजे नंतर विचार केला तेव्हा आलं, की प्रार्थना करणाऱ्याचा आवाज शेवटी थोडा खाली येतो, तो "येशूच्या नावाने" म्हणतो, श्वास घेतो, आणि त्या श्वासाच्या जागी आपण शिरतो. पण हे मला कोणी शिकवलेलं नाही हो. रविवारी पोरांना बायबल शिकवणाऱ्या शब्बाथ शाळेत नाही, मोठं होताना विश्वास पक्का करायच्या दृढीकरणाच्या वर्गात नाही. मी ते बापाच्या शेजारी बसून बसून, कंटाळून कंटाळून शिकले. माझ्या मुलीला ते येत नाही कारण मी तिला तशी बसवलीच नाही, अकरा वर्षांचा हिशोब तिथे निघाला. हॉलमध्ये टीव्हीसमोर ते कसं येणार ते मला कमिटीने सांगावं.

तुम्ही म्हणता मुलांना कळत नाही. अगदी बरोबर, नाहीच कळत. मला कुठे कळत होतं. तेविसावं स्तोत्र म्हणायचो, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही, तर दुसरी-तिसरीपर्यंत मला वाटायचं की हे गणिताबद्दल आहे. अधिक आणि उणे मधलं उणे. म्हणजे देव असा मास्तर आहे की जो वजाबाकी घालत नाही, आणि मला वजाबाकीत हातचा घ्यायला जमायचं नाही म्हणून ते स्तोत्र फार आवडायचं. तसंच प्रभूच्या प्रार्थनेतली रोजची भाकर. आमच्याकडे बाजरीची भाकर रोजच असायची, त्यामुळे देवाकडे ती मुद्दाम मागायची काय गरज आहे आणि मागायचीच तर पोळी का मागत नाहीत असा माझा प्रश्न होता. हे दोन्ही शब्द तसेच आत पडून राहिले. पुढे बँकेत लागले, लोकांची पासबुकं बघायला लागले, कुणाच्या खात्यात महिनाअखेरीला किती उरतं ते रोज दिसायला लागलं तेव्हा उणे पडणं म्हणजे काय आणि भाकर का मागावी लागते ते आपोआप उलगडलं, कोणाला विचारावं लागलं नाही. शब्द आधी येऊन बसलेले होते म्हणून. कळेल तेव्हाच शिकवू असं म्हणून थांबलो असतो तर त्या वेळी हाताशी काय असतं?

आता माझ्या बापाबद्दल, कारण या सगळ्यात खरा मुद्दा तोच आहे.

आमचे पप्पा एसटीत कंडक्टर. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली हे ते असं सांगायचे की जणू तिकिटं यांनीच फाडली होती, तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. त्यांना मुक्कामी गाडी असायची, म्हणजे शनिवारी संध्याकाळी कुठल्यातरी खेड्यात गाडी जायची, रात्री ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच देवळात नाहीतर गाडीत झोपायचे आणि रविवारी पहाटे पहिली फेरी घेऊन परत. डेपोत हिशोब देऊन ते तसेच खाकी कपड्यात चर्चला यायचे. शेवटच्या बाकावर बसायचे, पहिलं गीत जोरात म्हणायचे, शास्त्रपाठाला उभे राहायचे, आणि उपदेश सुरू झाला की पाच मिनिटांत झोप. साधी नाही, मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती मला नाहीतर भावाला त्यांच्या शेजारी बसवायची, कोपर मारायला. आमची ती ड्युटी.

एका रविवारी तेव्हाचे पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि त्यांनी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय काढला. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहतो आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो ती गोष्ट. वाचता वाचता पाळकसाहेबांनी चष्म्यावरून शेवटच्या बाकाकडे बघितलं आणि थांबले. सगळी मंडळी मागे वळली. हशा झाला. त्या आवाजाने पप्पा दचकून जागे झाले, त्यांना वाटलं प्रार्थना संपली, आणि त्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. पाळकसाहेबांना पुढे पाच मिनिटं बोलता आलं नाही.

मी तेव्हा बहुतेक नऊ वर्षांची होते आणि लाज वाटून मला रडू आलं होतं. आता मला वाटतं की देवाबद्दल मला जे काही माहीत आहे त्यातलं निम्मं त्या बाकावर आलं. एक माणूस रात्रभर डासांत झोपलेला आहे, घरी जाऊन पडला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं, आणि तो इथे येऊन झोपतो. झोपायचंच तर इथे. आणि त्या गोष्टीतसुद्धा बघा ना, युतुखला कोणी रागावत नाही, पौल खाली जातो, त्याला कवटाळतो, म्हणतो घाबरू नका याच्यात जीव आहे, आणि पुन्हा वर जाऊन भाकर मोडून पहाटेपर्यंत बोलत बसतो. यापुढे झोपाळू लोकांची बसायची सोय वेगळी करा असा ठराव तिथे कोणी मांडला नाही.

दुसरी एक गोष्ट. दानाची थैली यायच्या आधी पप्पा आम्हा दोघांना एक-एक रुपया द्यायचे. त्यांच्या खांद्याला ती कातडी बॅग असायची, कधी कधी डेपोत गर्दी असली तर हिशोब राहिलेला असायचा, बॅगेत चिल्लर खच्चून भरलेली. पण रुपया ते कायम शर्टाच्या खिशातून काढायचे. एकदा खिशात सुटे नव्हते तर पुढच्या बाकावरच्या काकांकडून उसने घेतले, बॅग मांडीवर असताना. मी म्हटलं पप्पा त्याच्यात आहेत की. ते म्हणाले, "ते महामंडळाचे. देवाला दुसऱ्याच्या खिशातलं नाही द्यायचं." बस, एवढंच. मला कॅशला बसून सतरा वर्षं झाली, दिवसाअखेरीस पैसे जास्त निघाले काय आणि कमी पडले काय, मला ती मांडीवरची बॅग दिसते. हे मला हॉलमध्ये 'प्रामाणिकपणा' या विषयावर चित्र रंगवून मिळालं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

मला आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून थोडं वाचलं पण. अमेरिकेत व्हर्न बेंग्टसन नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, त्यांनी १९७० पासून साडेतीनशेच्या वर कुटुंबांचा पस्तीस वर्षं माग ठेवला, पणजोबांपासून पणतवंडांपर्यंत, आणि धर्म एका पिढीतून दुसरीत कसा जातो किंवा कसा गळतो ते बघितलं. त्यात निघालं ते असं की आईबाप किती कडक आहेत किंवा किती शिकवतात यापेक्षा पोराला त्यांची माया किती लागली, खास करून बापाची, यावर पुष्कळ अवलंबून असतं. श्रद्धाळू पण कोरड्या बापाची पोरं जास्त निसटली. आता ते कॅलिफोर्निया आहे आणि आपलं नगर आहे, तिथे एसटीही नाही, तेव्हा जसंच्या तसं लावू नका. पण बाप आणि पोर एका बाकावर बसलेले असणं आणि बाप आत, पोर हॉलमध्ये, यात फरक आहे एवढं तरी धरायला काय हरकत आहे.

आणि लहानपणी चर्चला बसवलं की मोठेपणी विश्वास पक्का असं मी म्हणत नाहीये, तसं असतं तर सोपं होतं. माझा भाऊ त्याच बाकावर, त्याच बापाच्या दुसऱ्या कोपराला बसायचा. तो आज चर्चला येत नाही. देव मानत नाही, नाशिकला कंपनीत आहे, युनियनचं काम करतो, आणि माझ्याशी वाद घालायला लागला की दोन तास सोडत नाही. पण त्याच्या कपाटात एक पाकीट असतं. आपल्या मंडळीत दशांशाची पाकिटं द्यायचे ना, वर नाव आणि बारा महिन्यांचे रकाने छापलेले, तसलं नाही, साधं खाकी पाकीट, पण पगार झाला की पहिल्या दिवशी तो त्यात दहावा हिस्सा काढून ठेवतो आणि काढून टाकलेल्या एका कामगाराच्या पोरांच्या फी भरतो. मी म्हटलं अरे हा तर दशांश झाला. म्हणाला नाही, सवय आहे. वहिनी म्हणाली की लॉकडाऊनमध्ये यांचा पगार निम्मा झाला होता तेव्हा पण आधी पाकीट, मग किराणा. मग आता सांगा, हा माणूस मंडळीने गमावला की नाही गमावला? मला ठरवता येत नाही. तुमच्या वार्षिक अहवालात तर त्याला 'निष्क्रिय सभासद' म्हटलंय.

हे मी फार गोड करून सांगतेय असं वाटेल म्हणून कडूही सांगते. मी दहा वर्षांची असताना उज्जीवन सभा, म्हणजे लोकांचा विश्वास जागवायच्या सभा झाल्या होत्या, तीन दिवस, मंडप वगैरे. बाहेरून एक वक्ते आले होते, ते कोण, कुठल्या संस्थेचे ते राहू दे. त्यांनी मुलांची वेगळी सभा घेतली, दुपारी, याच मागच्या हॉलमध्ये, दारं लावून. त्यांनी आम्हाला सांगितलं की प्रभू रात्रीच्या वेळी येणार, विश्वासणाऱ्यांना वर उचलून घेणार, आणि तुम्ही सकाळी उठाल तर आईची जागा रिकामी. खोटं बोलणारी, आईला उलट बोलणारी पोरं मागे राहणार. मी आदल्याच दिवशी आईला उलट बोलले होते. त्यानंतर कितीतरी दिवस रात्री उठून मी अंधारात हात लांब करून आई आहे का बघायचे. आणि एका पहाटे नव्हती. हात फिरवला, अंथरूण गार. मी ओरडलेसुद्धा नाही, मला वाटलं आता ओरडून काय उपयोग, झालं ते. तशीच बसून राहिले. मग बाहेर बादलीचा आवाज आला. नळाला पहाटे चारला पाणी यायचं, आई पाणी भरत होती.

या गोष्टीवर आता आम्ही हसतो. पण पुढे अकरा वर्षं मी चर्चला आले नाही त्याच्या मुळाशी त्या गार अंथरुणाचा वाटा आहे, आणि तो बराच मोठा आहे. आणि मला सांगायचंय ते हे की ती सभा आमच्यापैकी एकाही मोठ्या माणसाने ऐकली नाही. पप्पा तिथे असते तर, जागे असते तर, नक्की म्हणाले असते साहेब पोरांना घाबरवू नका. आजी असती तर तिने सरळ हात धरून मला बाहेर आणलं असतं. मुख्य उपासनेत वेडंवाकडं बोलायची कोणाची हिंमत होत नाही कारण समोर सगळी मंडळी बसलेली असते, पुढच्या रविवारी जाब विचारणारी. बंद हॉलमध्ये फक्त पोरं असतात. ज्यांच्यावर तुम्ही हॉल सोपवणार आहात ते चांगलेच असतील, माझं त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ऐकणारं मोठं माणूस तिथे कोण असणार?

आता आजी. पप्पांची आई. ती कायम पहिल्या बाकावर बसायची, मधल्या वाटेच्या कडेला, आणि तिथे दुसरं कोणी बसलं तर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहायची, उठेपर्यंत. आम्हाला वाटायचं म्हातारी हट्टी आहे. तिचे आजे-पणजे महारवाड्यातले. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात जी कुटुंबंच्या कुटुंबं मिशनकडे आली त्यातले. धान्यासाठी बाटले असं लोक म्हणायचे आणि अजून म्हणतात, म्हणू देत, उपाशी माणसाला धान्य देणारा देव वाईट कसा हे मला तरी कळलेलं नाही. आजी सांगायची की तिच्या आजीने सांगितलेलं की गावातल्या देवळाच्या पायरीला आपली सावली चालायची नाही, आणि इथे पुढच्या दाराने आत यायचं, बाकावर बसायचं, पाटलाच्या घरासारखं. म्हणून पहिला बाक. नवीन शेड बांधताना बाजूचं दार काढलं तेव्हा पावसात सगळे तिकडून यायला लागले, जवळ पडतं म्हणून, पण आजी छत्री धरून, चिखलातून वळसा घालून पुढच्याच दाराने यायची. तिला बाजूच्या दाराबद्दल विचारलं तर उत्तर देत नव्हती, नुसतं तोंड वाकडं करायची.

मेसेजमध्ये "मुलांनी बाजूच्या दाराने" हे शब्द वाचले तेव्हा मला आधी आजीचं ते वाकडं तोंड दिसलं. तुमच्या मनात तसं काही नाही, मला माहीत आहे. पण आपल्यासारख्या लोकांकडे आपण कोण हे सांगणारं दुसरं आहे काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत, शिखांना १९५६ ला घेतलं, बौद्धांना १९९० ला घेतलं, आपण बाहेरच. त्यामुळे कोणाच्या दाखल्यावर काय आणि कोणाच्या घरात काय, हे या मंडळीत कोणी कोणाला विचारत नाही, आणि विचारू पण नये. कागद काही सांगत नाही, शाळेत पोरं भलतंच सांगतात. शाळेत मला तू फॉरेनची आहेस का म्हणून विचारायचे, नगर जिल्ह्यात, बाजरीची भाकर खाणाऱ्या पोरीला. आपण कुठले हे मला पहिल्या बाकावरच्या आजीच्या पाठीकडे बघून कळायचं.

आणि आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं हे तुमच्यातल्या नव्या लोकांना माहीत नसेल. तरी 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली निम्मी गीतं तिला तोंडपाठ, कारण ना. वा. टिळकांनी ती अभंगाच्या, ओवीच्या चालीत बांधली. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, १९१९ साली गेले, कीर्तन-भजनात वाढलेला कवी माणूस, त्यांना माहीत होतं की जात्यावर बसणाऱ्या बाईला कुठली चाल तोंडात बसते. आजी गायची तशी मी गायचे, तिचे चुकलेले शब्दसुद्धा तसेच. पुस्तकात बघितलं तेव्हा कळलं की आपण तीन ठिकाणी भलतंच म्हणतोय, तरी अजून तसंच म्हणते. आता पडद्यावर शब्द दिसतात, चांगलं आहे, चष्मा घरी विसरला तरी चालतं. पण हॉलमधल्या टीव्हीवर जी इंग्रजी गाणी लावणार आहात ती पोरं कोणाच्या तोंडून उचलणार? त्या कार्टूनच्या?

(तबल्याचं एक मागचं देणं आहे ते इथेच बोलून घेते. मला बाराव्या वर्षी तबला शिकायचा होता, मुलींनी झांज वाजवावी असं सांगण्यात आलं. मी झांज वाजवली. ज्यांनी सांगितलं ते आता नाहीत, त्यामुळे सोडून देते, पण मुलगी तबल्याचं नाव काढते आहे हे कमिटीने लक्षात ठेवावं.)

माझ्या विश्वासाबद्दल तुम्ही विचाराल की एवढं बोलतेस तर तुझं काय. तर सांगते, मला पुष्कळ गोष्टी पटत नाहीत. काही रविवारी प्रार्थना करताना पलीकडे कोणी आहे असं अजिबात वाटत नाही, नुसतं आपलंच बोलणं ऐकू येतं. पण पापकबुलीच्या वेळी जेव्हा सगळे एका सुरात म्हणतात की आम्ही विचाराने, शब्दाने आणि कृतीने चुकलो, आणि त्यात सेक्रेटरी काका असतात आणि चर्च झाडणाऱ्या मावशी असतात आणि हेडमास्तर असतात, तेव्हा मला लहानपणी जे वाटायचं तेच वाटतं, की बरं झालं, म्हणजे मोठे पण चुकतात. लहान मुलाला हे दुसरीकडे कुठे बघायला मिळतं सांगा. घरात आईबाप चूक कबूल करत नाहीत, शाळेत मास्तर नाही, टीव्हीवर तर कोणीच नाही. दर रविवारी अख्खं गाव पोरासमोर उभं राहून मी चुकलो म्हणतंय. ऑफिसात माझ्याकडून एन्ट्री चुकली तर मी पटकन सांगून टाकते, साहेब माझ्याकडून झालं, लोकांना याचं नवल वाटतं, एक कलीग म्हणाली की तू घाबरत नाहीस का. घाबरते की. पण लहानपणापासून तोंडाला सवय आहे.

आता कमिटीची बाजू पण आहे आणि ती मला दिसते. पोरं आवाज करतात. माझा भाऊ बाकाखालून रांगत रांगत थेट वेदीपाशी पोचला होता हे आईला अजून ऐकवतात. तान्ह्या पोरांच्या आयांना तर बिचाऱ्यांना उपासनेचा एक शब्द ऐकायला मिळत नाही, अर्धा वेळ बाहेर कडुलिंबाखाली उभ्या. त्यांना हॉल उघडा ठेवा की, ज्यांना जायचंय त्या जातील आणि शांत झालं की परत येतील. त्यांच्याकडे मागे वळून डोळे वटारणाऱ्या ज्या दोन-तीन मावश्या आहेत त्यांच्याशी महिला मंडळाने बोलावं, मी नावं घेत नाही, त्या हे वाचतायत. आणि शब्बाथ शाळा साडेआठला होती तशीच राहू द्या, ती हवीच. शब्बाथ शाळेची सुरुवात बघा, १७८० मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी कारखान्यात सहा दिवस राबणाऱ्या पोरांना सातव्या दिवशी वाचायला शिकवायला ती चालवली. पोरांना उपासनेतून बाहेर काढायला नव्हे.

लाइव्हचं म्हणाल तर तो प्रश्न पोरांचा नाहीच, वायरचा आहे. तुम्ही मोबाइल स्टँडला लावता आणि मोबाइलचाच माइक चालू ठेवता, तो पंखा, कबुतरं, पोरं सगळंच ओढतो. साऊंडच्या मिक्सरमधून एक वायर काढून मोबाइलला जोडली तर फक्त पाळकसाहेबांचा आणि गाणाऱ्यांचा आवाज जाईल. तरुण संघातल्या कुठल्याही पोराला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे, वायरचे पैसे मी देते. खिशातले.

आणि पोरांना काम द्या ना हो. मला नवव्या वर्षी शास्त्रपाठ वाचायला उभं केलं होतं, पायाखाली स्टूल ठेवून, यिर्मयाचा कुठलातरी अवघड उतारा होता, नावं वाचताना जीभ अडकली, पुढून आजी ओठांनी सांगत होती आणि तिला तर वाचता येत नव्हतं, ती नुसतं धीर दिल्यासारखं ओठ हलवत होती. त्या दिवसानंतर मला माइकची भीती कधी वाटली नाही. घंटा वाजवू द्या, दानाची थैली फिरवू द्या, कापणीच्या सणाला लिलावातला भोपळा उचलून दाखवायला लावा. कंटाळतील, कंटाळू द्या, कंटाळा आला की पोरं आजूबाजूला बघतात, आम्ही पण तेच करत होतो. कोण रडतंय, कोण डोळे उघडे ठेवून प्रार्थना करतंय, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय आणि तरी ती काकू पुढे जाऊन थैलीत नोट टाकते.

जूनच्या पहिल्या रविवारी मी येतेय. आई आणि मुलगी बरोबर असतील. पुढच्या दाराने येऊ आणि शेवटच्या बाकावर बसू, तिसऱ्या पंख्याखाली, तो पंखा खडखड करतो तो तेवढा त्याआधी बघून घ्या. मुलगी उपदेशात झोपेल बहुतेक, तिचं तोंड अगदी तिच्या आजोबांसारखं उघडं पडतं. आणि आमेन ती अजून अर्धा सेकंद उशिरा म्हणते, मोठ्याने. वायर बसवली नसेल तर लाइव्हमध्ये ते ऐकू जाईल.

तुमची,
कंडक्टरची थोरली